कोरा हौदा

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू जुनी होऊ दिली नाही. बजाजनगरातल्या त्यांच्या घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा हेच जाणवतं. घरातली प्रत्येक वस्तू अजून दुकानातच असल्यासारखी वाटते. सोफ्यावर तो आणला तेव्हाचं प्लास्टिक तसंच आहे आणि मे महिन्यात त्यावर बसलेला पाहुणा उठताना असा आवाज होतो की पाहुणाच दचकतो. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर आणि आवाज वाढवायचं बटण नेमकं रबराखाली. त्यामुळे त्यांच्याकडचा टीव्ही कायम कुजबुजत असतो. मनगटातल्या घड्याळाच्या काचेवरचा पातळ पापुद्रा त्यांनी अजून काढलेला नाही, आणि ते घड्याळ त्यांना लग्नात मिळालेलं आहे. किती वाजले हे ते घड्याळ तिरपं धरून, अंदाजानं सांगतात. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, या माणसाबरोबर चौतीस वर्षं संसार करताहेत. त्यांना एकदा मी विचारलं होतं, की हे सगळं उघडायचं कधी? ताई म्हणाल्या, "चांगला दिवस आला की."

वाळूजच्या एका कंपनीत रंगखात्यात ते तपासनीस होते. रंगवून, भट्टीतून भाजून निघालेले सुटे भाग समोरून सरकत जायचे आणि हे पांढरा हातमोजा घालून प्रत्येकावरून तळहात फिरवायचे. डोळ्यांना न दिसणारा ओरखडा त्यांच्या हाताला कळायचा. कंपनीत त्या हाताला फार मान होता म्हणतात. अडचण एवढीच, की तो हात संध्याकाळी घरी यायचा. माझ्या लग्नात रुखवतातल्या भांड्यांवरून त्यांनी हात फिरवला आणि दोन पातेली 'रिजेक्ट' म्हणत बाजूला काढली. सासूबाईंनी ती मुकाट्यानं बदलून आणली. पुढे आम्ही सिडकोत राहायला आलो तेव्हा आमचा नवा फ्रिज बघायला ते आले. चहा घेतला, फ्रिजच्या दारावरून हात फिरवला. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "सर, खालून एक वीत वर, डाव्या अंगाला दबलाय. तुमाला दिसायचा नाय. पन हाय." मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून नात्यातले सगळे मला सर म्हणतात. त्या दिवसापासून आजतागायत दूध काढायला गेलो की मला आधी ती दबलेली जागा दिसते.

पण त्यांचा राग राग करता येत नसे, कारण दुसऱ्याच्या वस्तूलाही ते तितकंच जपत. माझी छत्री एकदा पावसात घेऊन गेले. आठ दिवसांनी परत आणली ती वर्तमानपत्रात गुंडाळून, मोडकी काडी बसवून आणि दांड्याला तेल लावून. मी ती पुन्हा उघडली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसली, ती पाहून मी छत्री मिटवली आणि पुढचे दोन पावसाळे भिजत काढले.

निवृत्त झाल्यावर वर्षभर ते घरात बसले. ताईंच्या डब्यांवरून हात फिरवून झाला, शेजाऱ्यांच्या गाड्यांवरून फिरवून झाला. मग दसऱ्याला त्यांनी पांढरी पिकअप आणली. भाड्यानं माल वाहायचा, असा बेत होता. गाडीला झेंडूचं तोरण बांधलं ते मऊ फडक्यावरून, कारण तोरणाच्या आत तार असते. पेढा खाऊन झाल्यावर त्यांनी मागचा फाळका उघडला आणि आम्ही सगळे तो कोरा हौदा बघत उभे राहिलो. स्वच्छ पांढरा पत्रा, इतका की आत ऊन थांबलं होतं. साडू बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "ह्यात माल टाकायचा, सर." जणू हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं होतं. तिसऱ्या दिवशी शेजारचे गृहस्थ कूलर पोचवायला सांगायला आले, तर यांनी विचारलं, कूलर मांडीवर घेऊन पुढं बसता येईल का? गृहस्थांनी हातगाडी केली. घरचा गहूसुद्धा त्या गाडीतून आला तो ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून, पट्टा लावून.

तेव्हा ठरलं की हौद्याला आधी लायनर बसवायचं. पत्र्यावर घालायचं अस्तर, म्हणजे माल घासून रंग जात नाही. एरवी हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि आमच्या साडूंनी ते आयुष्यभर चालवलं असतं तरी मला हसूच आलं असतं. पण मध्ये सोयगावच्या सासूबाई आल्या.

सासरे गेल्यापासून सासूबाई सोयगावला दोन खोल्यांत एकट्या राहत. मुलगा नाही, या दोनच मुली. हिवाळा आला की खोकला छातीत बसायचा आणि दरवर्षी मुली म्हणायच्या, आता इकडे चल. त्या ऐकायच्या नाहीत. लेकीच्या घरी पाणीसुद्धा उभ्यानं पिणाऱ्या पिढीतल्या त्या. त्या वर्षी दिवाळीत आम्ही सगळे सोयगावला गेलो तेव्हा मात्र, काय वाटलं कोण जाणे, कबूल झाल्या. थोरलीकडे राहीन म्हणाल्या. दोन अटी घातल्या. एक म्हणजे त्यांचा लोखंडी पलंग बरोबर यायला हवा. हिरव्या रंगाचा, जड, पितळी गोळ्यांचा. दोन्ही मुली त्यावर जन्मल्या, सासरे त्यावरच गेले. आणि दुसरी अट, थोरल्या जावयानं स्वतःच्या गाडीतून न्यायला यायचं. "भाड्याच्या टेम्पोनं गेले तर लोक म्हनतील, म्हातारी सामान घेऊन पोरीच्या दारात पडली," त्या म्हणाल्या. "जावयानं गाडी आनली तर म्हनतील, नेली." आणि हे सगळं पौष लागायच्या आत. पौषात कोणी जागा बदलत नाही.

साडूंचे डोळे भरून आले होते. त्यांना स्वतःची आई आठवत नाही. त्याच दुपारी ते सोयगावच्या घरात पलंगाखाली उताणे पडून, दोऱ्यानं पायांची मापं घेत होते. बाहेर आले ते चिंता घेऊनच. "सर, पायांच्या टोप्या गेल्यात. बोडकं लोखंड हाय. हौद्यात नुस्ता ठेवला तर पत्राबी जाईल अन घाटात पलंगबी सरकंल. आईंच्या पलंगाचा रंग उडाला तर मी काय तोंड दाखवू?" हे मी मुद्दाम लिहितो आहे. ते फक्त गाडीला जपत होते, असं पुढे नातेवाईक बोलले. ते खरं नाही. ते पलंगालाही जपत होते.

मग लायनरचा शोध सुरू झाला. जिन्सीत गाड्यांचे हौदे बनवणारे हमीदभाई आहेत, त्यांच्याकडे साडू कामावर जावं तसे रोज सकाळी जाऊ लागले. पहिल्यांदा बघितलं ते तयार प्लास्टिकचं, आख्खं हौद्यात बसणारं. ते नापास झालं, कारण त्याच्या खाली पाणी साचतं आणि पत्रा आतून गंजतो. "वरून नवं अन आतून सडलेलं. त्यापरीस उघडं बरं." मग फवारून बसवायचं काळं लायनर. ते एकदा मारलं की निघत नाही आणि खालचा पांढरा रंग पुन्हा कधी दिसत नाही. साडू अस्वस्थ झाले. "मंग जपलं काय, सर? ज्याला जपायचं त्यालाच पुरलं की." ठिपक्यांचा लोखंडी पत्रा खडखडतो. प्लायवूड पाणी पितं. गोठ्यात गाईखाली घालतात ती रबरी मॅट त्यांना आवडली होती, पण परीक्षा म्हणून त्यांनी ती स्वयंपाकघरात घातली आणि चार दिवस तिच्यावर उभं राहून ताईंना भाकरी करायला लावल्या. पाचव्या दिवशी ताईंनी ती वासासकट अंगणात फेकली. प्रत्येक जातीचा वीतभर तुकडा गच्चीवर मांडला होता. काही उन्हात, काही बादलीत, आणि प्रत्येकावर चिठ्ठी. मी गेलो की मला वर नेत आणि खिळ्यानं ओरखडे काढून दाखवत. हमीदभाई मला भेटले तेव्हा हात जोडून म्हणाले, "सरजी, तुम समझाओ उनकू. कायकू इत्ता सोचरे? दो फेरे मारो, चार खरोंचां आने दो, फिर देखो दिल कैसा हलका होता." मी हसलो. सगळेच हसत होतो आम्ही. रविवारी सोयगावहून फोन यायचा आणि सासूबाई विचारायच्या, "जावईबापू, थोरल्यांची गाडी सजली का?" मी सांगायचो, सजतेय. त्याही हसायच्या आणि मग खोकायच्या.

शेवटी साडूंचं मन एका कारखान्यातल्या जुन्या कन्व्हेयरच्या पट्ट्यावर बसलं. जाड, चिवट, वर्षानुवर्षं लोखंड वाहिलेलं रबर. पौष लागायला दोन दिवस होते. शनिवारी संध्याकाळी फोन आला, "झालं सर. चिकटवला. उद्या सकाळी सहाला निघू." बायकोनं दशम्या केल्या. आम्ही स्कूटरवर कुडकुडत सहाच्या आत बजाजनगरला पोचलो, तर पट्टा गुंडाळी करून अंगणात पडलेला आणि साडू हौद्यात उकिडवे बसून रॉकेलच्या बोळ्यानं पत्र्यावरचा चिकटा पुसताहेत. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "कोपऱ्यात हवा राह्यली होती, सर. करंगळीएवढी. आत्ता निघायच्या आधी हात फिरवला तर लागली. पलंगाचा पाय नेमका तिथंच येतोय."

ताई दारात पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या, माहेरी जायची साडी नेसून. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, कोऱ्या पत्र्यावरच आणू. ते म्हणाले, घसरंल. मी म्हणालो, गोधड्या घालू. ते म्हणाले, गोधडीत खडे असतात. मग मी म्हणालो, "मी टेम्पो करतो. आत्ता मिळेल." त्यावर त्यांनी बोळा खाली ठेवला. "तुमी आनलं तर येतील त्या, सर. तुमचं मन नाय मोडायच्या. पन नाव माझं घेतलंय त्यांनी. लोकं काय म्हनतील, ते त्यांनी सांगितलंय." मी गप्प बसलो. आजवर सगळ्यांना सांगत आलो, की त्यांच्या मानाचा प्रश्न होता म्हणून मी गप्प बसलो. ते अर्धंच खरं आहे. घरी चाचणी परीक्षेच्या पेपरांचे तीन गठ्ठे पडले होते आणि रविवार मोकळा मिळतोय, याचं मला बरं वाटलं होतं.

ताईंनी फोन लावला. तिकडून सासूबाई म्हणाल्या, असू दे, माघात येईन. मग फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. "जावईबापू, त्यांना बोलू नका बरं काही. लई जपून करतेत ते." मी बोललो नाही. दशम्या आम्ही तिथेच चहाबरोबर खाल्ल्या आणि नऊच्या सुमारास घरी आलो.

पौषाच्या तिसऱ्या आठवड्यात सोयगावच्या शेजाऱ्यांचा फोन आला. कफ छातीत भरला होता, दवाखान्यात नेलंय, लवकर या. त्या दिवशी पहिल्यांदा ती पिकअप अजिंठ्याचा घाट उतरली. साडू आणि ताई पुढे, आणि मागच्या कोऱ्या हौद्यात मी आणि माझी बायको, फाळक्याला धरून. चपला काढा, असं साडू म्हणाले नाहीत, तेव्हाच मला समजलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं, सासूबाईंना घरी आणलेलं होतं.

आत गेलो तर पलंग कुठे दिसेना. मग दिसला. भिंतीला टेकून उभा होता, सुटा केलेला. डोक्याकडची जाळी, पायाकडची जाळी, बाजूच्या पट्ट्या, सगळं सुतळीनं एकत्र बांधलेलं, आणि त्या सुतळीला स्क्रूंची पुरचुंडी गाठ मारून अडकवलेली. खाली फरशीवर वाकळ आणि उशी. शेजारी सांगत होते, आणि त्यांच्या सांगण्यात कोणाला दोष नव्हता. "त्या शनिवारीच खोलून घेतला माझ्याकडून. दुसऱ्या दिवशी गाडी नाय आली, तर मी म्हनलं, मावशी, जोडून देतो परत. तर नको म्हनल्या. आज ना उद्या जावाई येनारच हायेत, पुन्हा खोलायचा ताप कशाला. तवापासून खालीच निजत होत्या."

थंडीचे ते तीन आठवडे. रविवारी फोनवर हसणाऱ्या त्या बाईनं हे आम्हाला एकदाही सांगितलं नव्हतं. मला साडूंचा भयंकर संताप आला. मी त्यांच्याकडे वळलो. ते पलंगाच्या जाळीवर तळहात ठेवून उभे होते, काहीतरी तपासत असल्यासारखे, आणि हात मात्र हलत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर पेपरांचे ते तीन गठ्ठे आले. मी काही बोललो नाही. या वेळी मात्र सासूबाईंनी सांगितलं होतं म्हणून नव्हे.

तेराव्यानंतर पलंग न्यायचं ठरलं. शेजाऱ्यांनी हौद्यात घालायला गोणपाट आणलं, चांगलं झटकून. साडू म्हणाले, नको. डोक्याकडची जड जाळी त्यांनी एकट्यानंच उचलली, फाळक्यावर टेकवली आणि आत ढकलली. बोडक्या पायाचा कर्रर्र असा आवाज फाळक्यापासून केबिनपर्यंत गेला. पांढऱ्या रंगात खालचं लोखंड दिसेल इतका खोल, हौदाभर लांब ओरखडा. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो, ताईंनी तर डोळेच मिटले. साडूंनी त्याकडे नीट पाहिलं. मग दुसरी जाळी उचलत म्हणाले, "धरा सर. थांबू नका."

पलंग आता बजाजनगरला बाहेरच्या खोलीत आहे. सोफ्याचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, घड्याळही तसंच आहे. एवढा कोणी बदलत नाही. पलंगावर कोणी झोपत नाही, पण त्याच्या चार पायांखाली लायनरच्या नमुन्यांचे चार तुकडे आहेत. एक पट्ट्याचा, एक गोठ्यातल्या मॅटचा, एक प्लास्टिकचा, एक प्लायवूडचा. जाडी वेगवेगळी, त्यामुळे पलंग थोडा डुगडुगतो. मी एकदा म्हणालो, चारही सारखे घाला की. ते म्हणाले, "आईंसाठीच आनले होते सगळे."

हौद्याला मात्र त्यांनी लायनर बसवलंच नाही. हमीदभाई स्वतः घरी आले, म्हणाले, "साब, अब तो डाल लो, जंग लगेगी." साडू म्हणाले, "लागू द्या." आणि गाडी भाड्यानं चालू लागली. विटा, नळ, कूलर, गिरणीची जाती, कोणी काहीही टाकतं. बजाजनगरात आता त्यांची ख्याती वेगळीच आहे. आज फोन केला की आज येतात. उद्या चालेल म्हटलं तरी आजच येतात. कोणाचे म्हातारे आईवडील गावाहून आणायचे असतील तर सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी दारात उभे असतात, आणि आपणच खाली उतरून त्यांच्या गाठोड्याला हात लावतात.

या उन्हाळ्यात मला एक लोखंडी कपाट शाळेत पोचवायचं होतं. दहाला फोन केला, आणि मी दोरी शोधत होतो तोवर हॉर्न वाजला. कपाट चढवण्याआधी मी हौद्यात डोकावलो. पांढरा रंग असा उरलाच नव्हता. उभे, आडवे, एकमेकांवरून गेलेले असंख्य ओरखडे, कुठे तांबूस गंज. मला राहवलं नाही. म्हणालो, "साडूभाऊ, आता ह्यात तुमच्या हाताला तरी काय कळणार?"

ते गाडीमागे गेले. फाळका पाडला, बाही वर सारली, डोळे मिटले आणि तळहात पत्र्यावरून हळूहळू फिरवत नेला. हात पुढे गेला, मागे आला, एका जागी थांबला. तिथे मात्र गंज नव्हता, तेलाचा हात फिरलेला दिसत होता.

"हा आईंचा," ते म्हणाले. मग डोळे उघडून, हात पँटला पुसत, "चला सर, धरा कपाट. उशीर नको."